वेताळ, डायना आणि काथ्याची दोरी

माझी धाकटी बहीण सात वर्षांची असताना आम्ही तिला सुपारीच्या झाडाला बांधून ठेवलं आणि विसरून गेलो.

गोष्ट वालावलची. अब्बा पोस्टात होते. बदली झाली म्हणून ऐंशीच्या दशकात आम्ही चार वर्षं कर्ली नदीकाठच्या या गावात राहिलो. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याच्या शेजारचं तळं, सुपारीच्या बागा, आणि आठवड्यातून एकदा कुडाळच्या एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून अब्बांनी आणलेलं इंद्रजाल कॉमिक्स. ते आमच्या घरी दोन दिवस टिकायचं, मग वाडीभर फिरायचं. परत यायचं तेव्हा कव्हर गेलेलं असायचं.

आम्ही वेताळ-वेताळ खेळायचो. वेताळ कोण होणार यावर भांडण व्हायचं, पण माझं काम ठरलेलं होतं. "तू खान आसस, तूच दुष्मन हो." त्यात कुणाला काही वाईट बोलल्यासारखं वाटत नसे, मलाही नाही. बहीण म्हणायची, "माका वेताळ होवचा आसा." पोरं हसायची. मुलगी म्हणजे डायना. "आणि डायना म्हटल्यार तिका बांधूकच व्हया."

त्या दिवशी काथ्याच्या दोरीनं मीच तिला बांधलं, कारण दुष्मन मी होतो. वेताळ तिला सोडवणार होता. पण मध्येच कुणीतरी तळ्यावर जायची टूम काढली आणि सगळे पळाले. मीसुद्धा. तासाभरानं शेजारच्या काकींना ती सापडली. "कोणा मेल्यांनी बांधल्यानी गो तुका?" हा त्यांचा आवाज मला तळ्याच्या पायऱ्यांवर ऐकू आला. बहिणीनं माझं नाव सांगितलं नाही. मनगटावरचे वळ दोन दिवस होते. ती पुन्हा कधी आमच्यात खेळायला आली नाही.

हे आज लिहायचं कारण असं, की कॉमिक्समध्ये बाईचा आणि पुरुषाचा देह कसा काढतात यावर गेली काही वर्षं जगभर वाद चालू आहे. आपल्याकडे तो आला की "परदेशी फॅड" म्हणून सोडून दिला जातो. मला मात्र तो वाद वाचताना दर वेळी ती दोरी आठवते. डायनाला बांधायचंच असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही ते चित्रांत पाहिलं होतं.

गावचा वेतोबा आणि पुस्तकातला वेताळ

सिंधुदुर्गातल्या मुलाला वेताळ पुस्तकातून कळत नाही. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. माणसापेक्षा उंच मूर्ती, नेसलेलं धोतर, हातात तलवार. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. त्याच्या दंडाचा घेर कुणी मोजत नाही. त्याची ताकद त्याच्या फिरण्यात आहे.

ली फॉकनं अमेरिकेत फेब्रुवारी १९३६ मध्ये 'फँटम' सुरू केला. त्याचंही बिरुद 'चालतं-फिरतं भूत' असंच होतं. टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि भाषांतरात फँटमचा वेताळ झाला. नाव अगदी चपखल बसलं. आणखीही फेरफार झाले. मूळ कथेतले चाचे 'सिंग' टोळीचे होते. भारतीय वाचकांना ते खटकेल म्हणून त्यांचं 'सिंगा' केलं. बेंगालाचं 'डेंकाली' झालं. शब्द बदलता आले, चित्रं मात्र जशीच्या तशी आली.

त्या चित्रांत नवीन काय होतं, तर अंगाला चिकटलेला पोशाख. सुपरमॅन यायच्या दोन वर्षं आधी वेताळानं तो घातला. कल्पना रॉबिन हूडच्या तंग विजारीवरून घेतल्याचं फॉक सांगत असे. बुबुळं नसलेले डोळे ग्रीक पुतळ्यांवरून घेतले. म्हणजे कपडे घातलेले आहेत, पण दिसतो तो उघडा पुतळाच. सुपरमॅनची बाहेरून घातलेली चड्डी सर्कशीतल्या पहिलवानांकडून आली असं म्हणतात. या नायकांचा जन्मच देह दाखवण्याच्या परंपरेतला आहे.

मग पुरुषाच्या देहाचीही वस्तू झालीच की, असं कुणी म्हणेल. थांबा. त्याच इंद्रजालमधल्या दुसऱ्या जोडीकडे बघू. १९३४ पासूनचा जादूगार मॅन्ड्रेक आणि त्याचा सोबती लोथार. मॅन्ड्रेक गोरा. कोट, टाय, झगा, हॅट, सगळं जागच्या जागी. लोथार आफ्रिकेचा राजपुत्र. पण अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर फेझ टोपी, उघडी छाती, आणि तोंडात मोडकं इंग्रजी. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्सच्या हाती चित्रं आल्यानंतर लोथारला हळूहळू धड कपडे आणि धड भाषा मिळाली. तोवर तीस वर्षं एकाला डोकं होतं आणि दुसऱ्याला फक्त शरीर.

इथं मला एक कसोटी सापडते. कातडी किती दिसते हे मोजून फारसं काही कळत नाही. त्या देहाच्या मालकाला गोष्टीत स्वतःचं मन आहे का, हे बघावं लागतं. वेताळ तंग कपड्यात असतो, पण निर्णय तो घेतो. लोथार उचलतो आणि फेकतो, कुणाला ते मॅन्ड्रेक सांगतो. डायना पामर तर संयुक्त राष्ट्रांत काम करणारी, शिकलेली, धाडसी बाई. तरी आमच्या वाडीतल्या पोरांच्या लक्षात राहिली ती पोहणारी आणि बांधलेली.

साखळ्या, फ्रिज आणि उलटं केलेलं चित्र

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. १९४१ मध्ये विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं वंडर वुमन आणली. मुलींना बळकट बाई बघायला मिळावी हा त्याचा उघड हेतू. पण त्याच्या गोष्टींत ही बळकट बाई पानोपानी साखळदंडांत असे. ती ते तोडते हे खरं, पण तोडण्याआधी बांधलेली दाखवायची हौस लपत नाही. प्रकाशकांच्या सल्लागार मंडळातूनच त्यावर तक्रारी झाल्या.

१९५४ मध्ये फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाच्या पुस्तकानं गदारोळ उठवला आणि प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लावून घेतली. स्त्रियांची चित्रं वास्तवाला धरून असावीत, अवयव फुगवून दाखवू नयेत, असं कलम तिच्यात होतं. बंधनं सैल होत गेली, कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवरून खास दुकानांत गेली, आणि गिऱ्हाईक बहुतेक तरुण पुरुष उरले. नव्वदच्या दशकात तर चित्रकारांनी ताळतंत्र सोडलं. कणा मोडल्याशिवाय जमणार नाहीत अशा उभं राहण्याच्या तऱ्हा आल्या, छाती आणि पार्श्वभाग एकाच वेळी वाचकाकडे. त्याच काळात पुरुषांच्या छात्याही पिंपाएवढ्या झाल्या.

१९९४ च्या 'ग्रीन लँटर्न'च्या एका अंकात नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं दाखवलं होतं. गेल सिमोन या वाचक बाईनं १९९९ मध्ये अशा पात्रांची यादीच केली. नायकाला राग यावा एवढ्यासाठी मारल्या, बाटवल्या, पांगळ्या केल्या गेलेल्या बायका. यादी लांबत गेली. सिमोन पुढे स्वतः कॉमिक्स लिहू लागली, वंडर वुमनही तिनं लिहिली.

२०१२ मध्ये काही चित्रकारांनी साधी गंमत केली. मुखपृष्ठावर नायिका जशी वळलेली, वाकलेली दाखवतात, तसाच हॉकआय हा धनुर्धारी पुरुष काढायचा. कंबर मुरडलेली, ओठ विलग, धनुष्य कुठे नेम धरलाय याचा पत्ता नाही. लोक पोट धरून हसले. पुरुषाच्या अंगावर जे बघून हसू येतं, तेच बाईच्या अंगावर आपण वर्षानुवर्षं न हसता बघत आलो होतो.

पुरुषांचं नुकसान झालं नाही असं मी म्हणत नाही. हॅरिसन पोप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मुलांच्या सैनिक-बाहुल्या मोजल्या. १९६४ मधला बाहुला साध्या बांध्याचा होता. नव्वदमधल्या बाहुल्याचा दंड खऱ्या माणसाच्या उंचीला ताणून मोजला तर मोठमोठ्या शरीरसौष्ठवपटूंनाही मागे टाकणारा निघाला. आज आपल्या गावागावांत जिम आहेत आणि कसली कसली पावडर खाऊन आजारी पडणारी पोरं आहेत. पण वेताळाचा दंड बघून मुलगा म्हणतो, मी असा व्हावा. डायनाकडे बघून तो असं म्हणत नाही. दोन्ही चित्रं त्याच्यासाठीच काढलेली आहेत. एक व्हायला, दुसरं मिळवायला. माझ्या बहिणीसाठी त्या अंकात काहीच काढलेलं नव्हतं.

आपल्या घरची चित्रं

हे सगळं परदेशातून आलं म्हणून हात झटकता येणार नाहीत. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून शकुंतला, मोहिनी, दमयंती घरोघरच्या भिंतींवर आल्या. पुढे गोव्यात जन्मलेले दोन मोठे चित्रकार, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, यांनी दिवाळी अंक, कॅलेंडरं, पुस्तकांची मुखपृष्ठं गाजवली. मुळगावकरांच्या हातातली मऊ चकाकी देवीच्या गालावरही असे आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेवरच्या घाबरलेल्या तरुणीच्या गालावरही.

दिवाळीत आमच्याकडे 'आवाज' यायचा. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला हा अंक त्याच्या खिडकीचित्रांसाठी प्रसिद्ध. पानाला कापलेली चौकट, तिच्यातून बाईच्या अंगाचा असा काही तुकडा दिसायचा की बघणाऱ्याचे कान तापावेत. पान उलटलं की निघायचं भलतंच साधं काहीतरी. अब्बा तो अंक कपाटावर ठेवायचे, म्हणजे आम्ही स्टूल घेऊन चढायचो. त्या विनोदाची फजिती बघणाऱ्याच्या वाट्याला येते, हे त्याचं चांगलं अंग. पण फजिती करायला तुकडा लागतो तो बाईचाच, हेही त्यातच आहे.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली अमर चित्र कथा आमच्या घरी सन्मानानं खाली, अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी असायची. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशी मराठी माणसं तिचे आघाडीचे चित्रकार होती. पुण्याच्या मुळीकांनीच पुढे अमिताभ बच्चनचा 'सुप्रीमो' काढला आणि राज कॉमिक्सच्या नागराजाला त्याचं हिरवं, पिळदार रूप दिलं. म्हणजे पुराण, सिनेमा आणि सुपरहिरो एकाच कुंचल्यातून उतरले. हात कसलेला होता. घोडा धावताना खरंच धावायचा.

पण त्या पानांत देहांची एक वाटणी ठरलेली होती. नंदिनी चंद्रा आणि कार्लीन मॅक्लेन या अभ्यासकांनी तिच्यावर सविस्तर लिहिलं आहे, मी मात्र माझ्या आठवणीनं सांगतो. नायक गोरा किंवा निळा, सपाट पोटाचा, दाढी नसलेला. नायिका रविवर्म्याच्या घरातली, पण वस्त्र त्याहून आखूड. तिसरा देह शत्रूचा. अंग आडवं, रंग काळपट, भुवया जाड, दात दिसणारे. राक्षस असला तर शिंगं, सुलतान असला तर दाढी आणि फेटा. अकबराचा, चांदबीबीचा अंकही याच मालिकेत होता, हे मान्य केलंच पाहिजे. पण गर्दीतला, नाव नसलेला मुसलमान शिपाई बहुतेक एकाच साच्यातला असे.

मी त्या अंकांत स्वतःला शोधायचो. चौथीतलं पोर दुसरं काय करणार? नायकात मी नव्हतो. सापडायचो तो त्या जाड भुवयांत. माझे अब्बा बारीक चणीचे, चष्मा लावणारे, मनिऑर्डरचे पैसे दोनदा मोजून देणारे. त्यांच्यासारखा माणूस कुठल्याच पानावर नव्हता. वाडीतल्या पोरांनी मला दुष्मन केलं ते द्वेषानं नव्हे. त्यांनीही तीच पुस्तकं वाचली होती. बहिणीला डायना करणारं आणि मला दुष्मन करणारं चित्र एकच होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

भगवा कुर्ता

याच इंद्रजालमध्ये १९७६ साली बहादूर आला. चंबळच्या दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीनं मेलेला, सूड घ्यायला निघालेला, आणि शेवटी नागरिकांचं सुरक्षा दल उभारून डाकूंशी लढणारा. पोशाख भगवा कुर्ता आणि निळी जीन्स. मुखवटा नाही, चड्डी बाहेर नाही. गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांत तो आपल्या एस.टी.त शेजारी बसेल असा माणूस होता. त्याची सोबतीण बेला मारामारीत पटाईत होती. तीही कधी पकडली जायची, पण सुटायला दर वेळी बहादूरची वाट बघत बसायची नाही.

बहादूर ज्यांच्या डोक्यातून निघाला ते आबिद सुरती. गुजरातेत १९३५ साली जन्मलेले, मुंबईच्या डोंगरीत वाढलेले, जे.जे.त शिकलेले. 'धर्मयुग'मधला डब्बूजीही त्यांचाच. डोंगरीतल्या मुसलमान लेखकानं देशाला भगव्या कुर्त्यातला नायक दिला आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला हे लहानपणी माहीत असतं तर खेळात मी बहादूर मागितला असता.

कापडाचा प्रश्न

आमच्या समाजात या विषयावर एक तयार उत्तर मिळतं: कपडे वाढवा, प्रश्न मिटेल. त्यांना मी 'डस्ट'ची गोष्ट सांगतो. २००२ मध्ये एक्स-मेनमध्ये सोराया कादिर ही अफगाण मुलगी आली. तिच्यात वाळूचं वादळ होण्याची शक्ती आहे. ती अबाया आणि नकाब घालते, डोळे सोडून काही दिसत नाही. आणि तरीही कित्येक चित्रकारांनी तो अबाया असा काढला की ओल्या कापडासारखा अंगाला चिकटावा. नखशिखांत झाकलेली बाईसुद्धा त्यांनी उघडी करून दाखवली. शिवाय अफगाण मुलगी अरबी बोलते, हे वेगळंच. ती कोण आहे हे कुणी विचारलं नव्हतं. तिचा नकाब तेवढा हवा होता.

सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे आणि मग स्त्रियांना. हा क्रम आपण वाचतो, पण चर्चा दुसऱ्या आयतीपासून सुरू करतो. डस्टच्या चित्रात दोष कापडाचा नव्हता.

तिच्यानंतर दहा-अकरा वर्षांनी कमला खान आली. २०१३ मध्ये पहिली झलक, २०१४ मध्ये स्वतःचं मासिक. जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी घरची सोळा वर्षांची मुलगी. तिला घडवणाऱ्यांत सना अमानत ही संपादक आणि जी. विलो विल्सन ही लेखिका, दोघी मुस्लिम. गोष्टीची सुरुवात बघा. कमलाला शक्ती मिळते तेव्हा ती आपल्या आवडत्या नायिकेसारखी होते, सोनेरी केस, उंच बूट, तोकडा पोशाख. आणि लगेच वैतागते. कपडा रुततो, बुटांत चालवत नाही, आणि आरशात आपण नाहीच. मग ती घरातल्या बुर्किनीतून आपला पोशाख करते. तिची शक्तीही बघण्यासारखी आहे. ती हवं तेव्हा हात मोठा करते, अंग लहान करते. तिचा देह कसा दिसावा हे ठरवण्याचा हक्कच तिची ताकद आहे. या पुस्तकाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि ते फक्त मुसलमान मुलींनी वाचलं असं मुळीच नाही.

डस्टच्या अंगावर कापड कमलापेक्षा कितीतरी जास्त आहे. फरक इतकाच, की कमलाला काढण्याआधी कुणीतरी विचार केला होता: या कपड्यात ही पोरगी धावेल कशी?

ससाणा घेतलेली बाई

असा विचार करणारे चित्रकार आपल्याच मुलखात होऊन गेले. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशाहाची बेगम चांदबीबी हिनं १५९५-९६ मध्ये मुघल शहजादा मुरादपुढे नगरचा किल्ला लढवला. तटाला खिंडार पडलं तेव्हा ती स्वतः तलवार घेऊन तिथं उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली, अशी कथा आहे. १६०० मध्ये तिच्याच लोकांनी तिला मारलं. नंतर शंभर-दीडशे वर्षं दख्खनी चित्रकार तिला काढत राहिले. १७०० च्या सुमाराचं असं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चांदबीबी घोड्यावर आहे, हातावर ससाणा आहे, शिकार चालली आहे. ती सुंदर आहे, दागिने आहेत, चित्रकारानं काही कमी केलेलं नाही. पण तिचं लक्ष आपल्याकडे नाही. तिला काम आहे.

मी ते चित्र बहिणीला फोनवर पाठवलं. ती आता रत्नागिरीला असते, तिची मुलगी दहावीत आहे. सोबत मी पहिल्यांदाच त्या सुपारीच्या झाडाबद्दल लिहिलं, माफी मागितली. मला वाटलं होतं ती विसरली असेल.

तिचं उत्तर रात्री आलं. "भाई, दोरी मी अर्ध्या तासात सोडवली होती. गाठ तुला कधी नीट मारता आलीच नाही. तुम्ही येता का ते बघत तिथंच उभी राहिले."